एमडी, मॉर्फिन आणि झोपेची गोळी: कायदा ग्रॅम मोजतो, मग व्यसन कसं ओळखायचं?

३० सप्टेंबर २०२२. वाशीत महसूल गुप्तचर संचालनालयाच्या, म्हणजे डीआरआयच्या अधिकाऱ्यांनी एक ट्रक अडवला. ट्रकमध्ये परदेशातून आलेली व्हॅलेन्सिया संत्री होती. त्याच खोक्यांमधून १९८ किलो मेथॅम्फेटामिन आणि ९ किलो कोकेन बाहेर निघालं. किंमत सांगितली गेली १,४७६ कोटी रुपये. पुढच्या आठवडाभरात न्हावा शेवा बंदरात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या फळांच्या कंटेनरमधून ५० किलोंहून जास्त कोकेन जप्त झालं.

अशा बातम्या आपण वाचतो, शेअर करतो आणि विसरतो. कोट्यवधींचा आकडा आपल्या घरापासून लांबचा वाटतो.

घरात मात्र गोष्ट फार लहान वस्तूपासून सुरू होते. कॉलेजच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात पांढऱ्या पावडरची पुडी सापडते. कपाटामागे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिसतात. आजीच्या झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप लवकर संपायला लागते. मग आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न एकाच वेळी येतात. पोराला झालंय काय? आणि पोलिसांना कळलं तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडे आहे, दुसऱ्याचं कायद्याच्या पुस्तकात. अडचण अशी की दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. कायदा विचारतो, पदार्थ कोणता आणि किती ग्रॅम? डॉक्टर विचारतात, घ्यायचं थांबवणं अजून हातात आहे का? जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत 'नशामुक्त नवी मुंबई' अभियान सुरू झालं. पण या दोन मोजपट्ट्यांमधला फरक आजही अनेक घरांना माहीत नाही. तोच समजून घेऊया.

एमडी २०१५ पर्यंत कायद्याने 'ड्रग' नव्हतं?

नव्हतं. मुंबई आणि नवी मुंबईच्या बातम्यांमध्ये सर्वात जास्त वेळा येणारं नाव म्हणजे एमडी. पूर्ण नाव मेफेड्रोन, आणि गल्लीतलं नाव 'म्याऊ म्याऊ'. हे रसायन पहिल्यांदा तयार झालं १९२९ मध्ये. त्यानंतर अनेक दशकं त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. २००० नंतर ते युरोपातल्या पार्ट्यांमध्ये पोहोचलं आणि ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी आणली.

भारतात अमली पदार्थांसाठीचा मुख्य कायदा म्हणजे 'नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सब्स्टन्सेस ॲक्ट, १९८५', थोडक्यात एनडीपीएस. हा कायदा पदार्थांच्या यादीवर चालतो. यादीत नाव असेल तर गुन्हा. नाव नसेल तर तो पदार्थ कितीही घातक असला, तरी या कायद्याखाली कारवाई होत नाही. मेफेड्रोन त्या यादीत आलं ५ फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने.

म्हणजे त्या दिवसाच्या आधी आणि नंतर पुडीतली पावडर तीच होती. ती घेणाऱ्याच्या हृदयावर, झोपेवर आणि डोक्यावर होणारा परिणामही तोच होता. बदलली ती फक्त राजपत्रातली एक नोंद.

त्यामुळे 'हे कायद्यात बसतं का?' आणि 'हे धोकादायक आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

यादीत कोणकोणते गट आहेत?

एनडीपीएस कायद्यात तीन मुख्य गट आहेत.

*नार्कोटिक ड्रग्ज.* यात अफू, मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन, गांजा, चरस आणि कोकेन येतात. वैद्यकशास्त्रात कोकेन हे मेंदूला उत्तेजित करणारं द्रव्य आहे, तर अफू आणि हेरॉइन गुंगी आणणारी. कायद्याने मात्र त्यांना एकाच गटात बसवलंय.

*सायकोट्रॉपिक सब्स्टन्सेस.* मनावर परिणाम करणारी द्रव्यं. मेफेड्रोन, एमडीएमए, एलएसडी, मेथॅम्फेटामिन, केटामिन यात आहेत. आणि याच यादीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडोल अशी मेडिकलच्या दुकानात मिळणारी औषधंही आहेत. ट्रॅमाडोल हे वेदनाशामक २०१८ मध्ये यादीत आलं. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून बदनाम झालेली गोळी म्हणजे अल्प्राझोलामच.

*कंट्रोल्ड सब्स्टन्सेस.* 'नियंत्रित पदार्थ' म्हटलं की आपल्याला सगळेच ड्रग्ज आठवतात. भारतीय कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ आहे ड्रग्ज बनवायला लागणारी कच्ची रसायनं. उदाहरणार्थ, हेरॉइनसाठी लागणारं ॲसेटिक अनहायड्राइड किंवा मेथॅम्फेटामिनसाठी लागणारं एफेड्रिन. ही रसायनं औषध आणि रंग उद्योगात रोज कायदेशीरपणे वापरली जातात. म्हणून त्यांच्यावर सरसकट बंदी नाही. त्यांच्या खरेदी-विक्रीची नोंद मात्र ठेवावी लागते.

ठाणे-बेलापूर पट्टा किंवा तळोजा एमआयडीसीसारख्या रासायनिक भागांसाठी हा तिसरा गट महत्त्वाचा आहे, कारण एमडी समुद्रातूनच यावं लागतं असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडी बनवणारे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले होते.

यादीबाहेर काय राहतं?

बरंच काही. गांजाच्या झाडाचे फुलोरे म्हणजे कायद्याने गांजा. पण फुलोऱ्यांशिवाय नुसती पानं या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांची भांग एनडीपीएसच्या बाहेर आहे. ती राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याच्या कक्षेत येते. दारूसाठीही महाराष्ट्रात १९४९ चा तोच कायदा आहे. तंबाखू आणि गुटख्यासाठी वेगळे नियम. पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणं तर या यादीत कुठेच नाही.

आता आकडे पाहा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण १.७ टक्के आढळलं, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. म्हणजे जो पदार्थ यादीत नाही, तो मुलांमध्ये मोठ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात आहे.

ब्रिटनमध्ये २०१० साली डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये २० पदार्थांच्या हानीची क्रमवारी मांडली होती. घेणाऱ्याचं आणि समाजाचं नुकसान एकत्र धरून १०० पैकी गुण दिले होते. दारू ७२ गुणांसह पहिली आली, हेरॉइन ५५ गुणांवर होतं. या पद्धतीवर टीकाही झाली. पण कायदेशीर म्हणजे सुरक्षित, ही समजूत त्यातून नक्कीच हलली.

ग्रॅमचं गणित काय आहे?

२००१ च्या दुरुस्तीपासून एनडीपीएसमध्ये शिक्षा मुख्यतः वजनावर ठरते. प्रत्येक पदार्थासाठी दोन रेषा आहेत. पहिली 'अल्प मात्रा', दुसरी 'व्यावसायिक मात्रा'.

- गांजा: १ किलोपर्यंत अल्प, २० किलोंच्या वर व्यावसायिक
- चरस: १०० ग्रॅम आणि १ किलो
- हेरॉइन: ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम
- कोकेन: २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम
- मेफेड्रोन (एमडी): २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम
- एमडीएमए: अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम

अल्प मात्रा जवळ बाळगली तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन रेषांच्या मधे असेल तर दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक मात्रेसाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड. व्यावसायिक मात्रेत जामीनही सहज मिळत नाही. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते.

नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. कलम २७ नुसार कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

इथे एक बारकावा आहे. वजन कशाचं धरायचं? पुडीतल्या शुद्ध ड्रगचं, की भेसळीसकट सगळ्या पावडरीचं? एप्रिल २०२० मध्ये 'हीरा सिंग' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सगळ्या मिश्रणाचं. समजा तीन ग्रॅमच्या पुडीत एमडी फक्त एक ग्रॅम आहे आणि बाकी भेसळ. तरीही कायद्यासाठी ती पुडी तीन ग्रॅमची. म्हणजे अल्प मात्रेची रेषा ओलांडली, आणि एक वर्षाच्या जागी दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची शक्यता उभी राहिली.

'थोडंच आहे, जामीन होईल' असं मित्र सांगतात. त्यावरही भरवसा ठेवू नये. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एका जामीन अर्जावर निकाल देताना म्हटलं होतं की एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, मात्रा कितीही असो. याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा होत नाही. पण तो हक्काने पोलीस ठाण्यातून मिळत नाही, न्यायालयात मागावा लागतो.

मग व्यसन कशाला म्हणायचं?

गंमत म्हणजे कायद्यात 'ॲडिक्ट' या शब्दाची व्याख्या आहे. अमली पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणजे ॲडिक्ट. व्याख्या इथेच संपते. 'अवलंबून' म्हणजे काय, ते कायदा सांगत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच यावं लागतं.

डॉक्टर गैरवापर आणि अवलंबित्व यात फरक करतात. पार्टीत एकदा घेतलं, परीक्षेच्या रात्री जागायला गोळी घेतली, हा गैरवापर. तो जिवावर बेतू शकतो, कारण पुडीत नेमकं काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. पण ते अजून अवलंबित्व नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अवलंबित्वाच्या तीन खुणा दिल्यात. एक, वापरावरचा ताबा सुटणं. कधी, किती, कुठे घ्यायचं हे ठरवता न येणं. दोन, ती गोष्ट अभ्यास, नोकरी, नाती, तब्येत या सगळ्यांच्या पुढे जाणं. तीन, शरीरातले बदल. पूर्वीइतक्या मात्रेने भागत नाही, आणि बंद केलं की त्रास सुरू होतो. तीनपैकी दोन खुणा दिसत असतील, तर डॉक्टर अवलंबित्वाच्या दिशेने तपासतात.

या तीन खुणांमध्ये ग्रॅमचा उल्लेख कुठेच नाही. एखाद्याकडे कायम अर्धा ग्रॅम सापडेल आणि तो पूर्ण अडकलेला असेल. दुसऱ्याकडे किलोभर सापडेल आणि त्याने स्वतः कधी चाखलंही नसेल. डॉक्टरांच्या दृष्टीने आजारी आहे तो पहिला.

पदार्थागणिक फरकही आहेत. एमडीचा अंमल काही तासांत उतरतो आणि लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. झोप उडते, छाती धडधडते, काहींना कोणीतरी पाळतीवर आहे असे भास होतात. एमडीचं व्यसन सोडवणारं ठरावीक औषध उपलब्ध नाही. उपचाराचा भर समुपदेशन, दिनक्रम आणि कुटुंबाच्या सहभागावर असतो. हेरॉइनसाठी मात्र ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधं आहेत. आणि ब्युप्रेनॉर्फिन स्वतः एनडीपीएसच्या यादीत आहे.

एकच पदार्थ गुन्हाही आणि औषधही?

हो. आणि ही गोष्ट नवी मुंबईइतकी जवळून क्वचितच कुठे दिसेल. न्हावा शेवा आणि वाशीत ड्रग्ज पकडली जातात. मुंबई परिसरात विविध यंत्रणांनी जप्त केलेले अमली पदार्थ तळोज्यातल्या भट्टीत जाळून नष्ट केले जातात. तिथून जवळच खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर रुग्णालय आहे. कॅन्सरच्या असह्य वेदनांवर जे औषध लागतं, ते मॉर्फिन. कायद्यात ते हेरॉइनच्याच गटात बसतं.

यादी कडक झाली की त्याचा फटका रुग्णांनाही बसतो, हे आपल्या देशाने अनुभवलंय. १९८५ मध्ये भारतात औषध म्हणून ५७३ किलो मॉर्फिन वापरलं गेलं होतं. एनडीपीएस आल्यानंतर राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने आणि शिक्षेची भीती यामुळे रुग्णालयं ते ठेवायलाच धजेनात. १९९७ पर्यंत वापर १८ किलोंवर आला. रुग्णांच्या वेदना काही कमी झाल्या नव्हत्या. २०१४ च्या दुरुस्तीत मॉर्फिनसह सहा औषधांना 'अत्यावश्यक नार्कोटिक ड्रग्ज' म्हणून देशभर एकसारखे नियम लागू झाले.

घरातल्या साध्या गोळ्यांचंही असंच आहे. अल्प्राझोलाम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतली तर ते औषध. नियमांनुसार वैयक्तिक उपचारासाठी अशा सायकोट्रॉपिक औषधाच्या एका वेळी १०० मात्रांपर्यंत बाळगता येतात. दीर्घ आजारात डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. म्हणून प्रवासात चिठ्ठी सोबत असलेली बरी. चिठ्ठीशिवाय मित्राला दिलेली स्ट्रिप मात्र मदत ठरत नाही, ती गुन्ह्याच्या हद्दीत जाऊ शकते.

कायद्यात उपचाराला जागा आहे का?

आहे, आणि घरच्यांना माहीत असायलाच हवी अशी गोष्ट हीच.

*कलम ६४ अ.* सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून सूट मिळते. अट अशी की उपचार सरकारी, पालिकेच्या किंवा सरकारमान्य रुग्णालयात अथवा संस्थेत व्हायला हवेत. दुसरी अट, उपचार पूर्ण करायला हवेत. मधेच सोडले तर सूट काढून घेता येते.

*कलम ३९.* दोषी ठरल्यानंतरही, गुन्हा सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा असेल तर न्यायालय व्यक्तीच्या संमतीने तिला तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवू शकतं.

दोन्ही कलमं अल्प मात्रेपाशी थांबतात. मघाची तीन ग्रॅमची पुडी आठवा. ती ज्याच्याकडे सापडली तो खरोखर आजारी असला, तरी कलम ६४ अ त्याच्यासाठी उघडत नाही. भेसळीच्या वजनाने त्याला पलीकडे ढकललेलं असतं. कायदा आणि उपचार यांच्यात फट पडते ती इथे.

त्याच वेळी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या स्थितींना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतो. म्हणजे व्यसनी व्यक्तीला रुग्ण म्हणून हक्क आहेत. उपचाराच्या नावाखाली मारहाण करणं किंवा साखळीने बांधून ठेवणं बेकायदेशीर आहे.

घरात पुडी सापडली तर?

आधी श्वास तपासा. माणूस शुद्धीवर नसेल, श्वास मंद असेल, झटके येत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर थेट १०८ ला फोन करा. डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा.

खोलीत कोंडून नशा उतरवायचा प्रयत्न करू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील आणि अचानक बंद केल्या, तर फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात.

गुन्हा दाखल व्हायची वाट पाहू नका. सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करता येते. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना नोंदणी विचारा, मानसोपचारतज्ज्ञ येतात का विचारा, भेटीला परवानगी आहे का विचारा. उपचाराची कागदपत्रं जपून ठेवा.

फोनवर मदत हवी असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आहे. विक्रेत्यांची माहिती द्यायची असेल तर अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा १९३३ हा क्रमांक. अटक झालीच, तर कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा हेल्पलाइन १५१००. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे नेमका सल्ला वकिलाचाच घ्या.

महाराष्ट्राला हा रस्ता नवा नाही. १९८० च्या दशकात गर्दने तरुण पोरं गिळायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. तेव्हा गर्द होती, आता एमडी आहे. उद्या आणखी एखादं रसायन येईल आणि ते यादीत यायलाही काही वर्षं लागतील.

'एम्स'च्या त्या सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेकायदा ड्रग्जवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधी तरी दाखल होऊन उपचार मिळालेत. उरलेल्या एकोणीस जणांपैकी कोणाच्या तरी घरात आज ती पुडी सापडली असेल. पोलिसांना कळलं तर काय, या भीतीने ते घर गप्प बसलं असेल, तर कलम ६४ अ ची माहिती त्या घरापर्यंत पोहोचायला हवी.